सगळे दोन, जावई एकच

आधीच सांगून टाकते. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, कारण माझा विश्वास तसा कुणावरच नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर नाही, कुरिअरवाल्याच्या "घर बंद होतं मॅडम"वर नाही, आणि आमच्या ह्यांच्या "पाच मिनिटात आलोच"वर तर लग्न झाल्यापासून नाही. घरात मला सीआयडी म्हणतात. एखादीच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हात जोडतात, आणि मी बघते की हिनं घुमायच्या आधी चष्मा काढून नीट बाजूला ठेवला होता का... तर असल्या बाईनं इथं येऊन हा अनुभव लिहावा, याचं माझं मलाच हसू येतंय. पण डॉक्टरांनी हात टेकले, घरच्यांनी कान बंद केले. म्हटलं तुमच्यापुढं तरी मांडावं.

मी नांदेडची. घरीच ब्लाउज शिवते. कटोरी, प्रिन्सेस कट, लग्नाचे वर्कवाले, सगळे. खालच्या गाळ्यात शमीमभाभीचं मॅचिंग सेंटर आहे, वर आमचं घर, मध्ये एक अरुंद लोखंडी जिना. हे रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात आहेत. मुलगी एकच, स्नेहल. डी.फार्म झाली आणि एका मेडिकल दुकानात लागली. ह्या सगळ्याचं कारण तीच, म्हणजे तिचं लग्न.

लातूरचं स्थळ आलं होतं. मुलगा विशाल, तिथल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. घरी आई-वडील आणि धाकटी बहीण. फोटोत चांगला होता, फोनवर तर त्याहून चांगला. स्नेहलला तो पहिल्या भेटीतच आवडला हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. ह्यांनी लातूरच्या मोंढ्यात ओळखीच्या व्यापाऱ्यांकडं चौकशी केली. सगळे म्हणाले, पोरगा लाखात एक. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. इतकं एकसारखं चांगलं कुणी सांगतं का? लोकांना कुणाचंच चांगलं सांगवत नाही, मग ह्याचंच बरं...

त्याच दिवसांत मी पडले. स्कूटीवर अस्तराचे तागे घेऊन येत होते. नव्या स्पीड ब्रेकरवर पांढरे पट्टे नव्हते. गाडी उडाली, मी खाली, आणि डोकं डिव्हायडरला. हेल्मेट? घरी, खुंटीवर. टेंगूळ आलं, रक्त नाही, उलटी नाही. मी उठून बघत उभ्या राहिलेल्या पोरांना चार शिव्या दिल्या आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जिना उतरायला लागले तर पायऱ्या दोन-दोन. एक पायरी जागेवर, दुसरी तिच्या थोडी खाली आणि तिरपी. पाय कुठं टाकावा कळेना. बसूनच उतरले. समोर बघितलं तर सगळं नीट, खाली बघितलं की दोन. मशीनवर बसले तर सुया दोन, माझी बोटं वीस. शमीमभाभी वर आली आणि म्हणाली, "मंगल, मान ऐसी तिरछी कायकू करी?" तेव्हा मला कळलं की मी मान डाव्या खांद्याकडं टाकून बसले होते. तसं केलं की दोन्ही चित्रं जवळ येत होती.

एमआरआय निघाला, काही सापडलं नाही. मेंदूच्या डॉक्टरबाई होत्या, तरुण, पण समजावून सांगायच्या. त्यांनी मला मान सरळ करायला लावली, बोट फिरवलं, लाल काच डोळ्यापुढं धरली आणि म्हणाल्या, "चौथी नस."

मी म्हटलं, "मॅडम, मला नीट सांगा. मला अर्धवट सांगितलं की मी संशय घेते."

त्या हसल्या. म्हणाल्या, मेंदूतून चेहऱ्याकडं, डोळ्यांकडं, कानांकडं जाणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यातली चौथी सगळ्यात बारीक. बाकीच्या मेंदूच्या पुढून नाहीतर खालून निघतात. ही एकटीच पाठीमागून निघते. आणि निघाल्या निघाल्या डावी उजवीकडं जाते, उजवी डावीकडं. एकमेकींना ओलांडून, मेंदूच्या दांड्याला वळसा घालून, एवढा लांबचा फेरा मारून ती डोळ्यापर्यंत पुढं येते. आणि एवढा फेरा कशासाठी, तर डोळ्याच्या एका स्नायूसाठी. त्या स्नायूची दोरी हाडाजवळच्या एका छोट्या कडीतून ओवलेली असते. मी म्हटलं, म्हणजे परकराच्या नेफ्यातून नाडी. त्या म्हणाल्या, "बरोब्बर. ती नाडी ओढली की डोळा खाली, नाकाकडं वळतो. जिना उतरताना, वाचताना, ताटात बघताना तिचं काम. तुमच्या उजव्या डोळ्याची नाडी सैल पडलीय. नस बारीक, प्रवास लांब... डोक्याला मार लागला की तीच पहिली दुखावते."

"आणि दोन का दिसतं?"

"दोन डोळे म्हणजे कायम दोन चित्रं. मेंदू ती मागच्या भागात एकावर एक ठेवून एक करतो. आता उजवा डोळा खाली वळत नाही, म्हणून त्याचं चित्र सरकून खाली, तिरपं पडतं. खालचं दिसतं ते उजव्या डोळ्याचं. उजवा डोळा मिटा, खालचं जाईल. काही महिन्यांत आपोआप बरं होईल."

मी घरी येऊन शंभरदा मिटून बघितला. उजवा मिटला की खालचं गायब, डावा मिटला की वरचं गायब. डॉक्टरबाई खरं बोलत होत्या. त्या एवढं नीट सांगून गेल्या म्हणूनच पुढचं माझ्या लक्षात आलं, नाहीतर मी डोळ्याचा घोळ म्हणून सोडून दिलं असतं.

मग आम्ही लातूरला मुलाचं घर बघायला गेलो. आमच्याकडं मुलीवाले घर बघायला जातात, जेवतात, आणि जेवण कसं वाढलं यावरून परतीच्या बसमध्ये निम्मा निकाल लागतो. मी एसटीत अहमदपूरपर्यंत डोळे मिटून बसले होते. मान वाकडीच. स्नेहल कानात म्हणाली, "आई, तिथं तरी मान सरळ ठेव. त्यांना वाटंल तू नाक मुरडून राहिली."

घर साधं होतं, स्वच्छ. विशालच्या आईनं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. मी मान सरळ ठेवून जेवले, म्हणजे ताटं दोन, पोळ्या दोन, आणि तूप कुठल्या पोळीवर पडतंय ते बोट लावून बघायचं. जेवणं झाल्यावर पाया पडायचा कार्यक्रम. आधी त्याची बहीण आली. मी खाली बघितलं. दोन मुली वाकल्या, दोन वेण्या, एक जागेवर आणि एक तिरपी. मी दोघींना आशीर्वाद दिला, मनातल्या मनात हसत.

मग विशाल वाकला.

फरशा दोन होत्या. फरशीवरचं माझं पाकीट दोन. माझे स्वतःचे पाय चार. आणि त्या सगळ्यात तो एकच होता.

मला वाटलं माझी मान तिरपी झाली असेल. नव्हती, ताठ होती. मी उजवा डोळा मिटला, तो एक. डावा मिटला, एक. दोन्ही उघडे, एक. बाजूला त्याची बहीण उभी होती, तिची पावलं चार दिसत होती. त्यानं माझ्या पायाला हात लावला... आणि माझे पाय दोनच झाले. जिथं त्याचा हात होता तेवढे. हात काढला तसे पुन्हा चार.

"मावशी, आशीर्वाद द्या की," तो म्हणाला.   माझ्या तोंडातून कसंबसं "सुखी राहा" निघालं.

परतीच्या बसमध्ये सगळे खूश. हे म्हणाले, माणसं सरळ आहेत. स्नेहल खिडकीबाहेर बघून गालात हसत होती. मी तिच्या हसण्याकडं बघत राहिले. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं.

"मंगल," हे म्हणाले, "डोकं तुझं आपटलंय. त्या पोराचं न्हाई."

"अहो पण माझे पाय..."

"आपल्याला एकच पोरगी हाय. तिला पोरगा पसंत हाय. तू त्याच्यात मोडता घालू नको, हात जोडतो." आणि खरंच हात जोडले. मला एवढा राग आला की मी त्या दिवशी शिवायला घेतलेला ब्लाउज उलट्या बाजूनं कापून बसले. गिऱ्हाईकाचा, रेशमी. तो नवा आणून द्यावा लागला.

डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी पुन्हा लाल काच लावली, पुन्हा बोट फिरवलं. म्हणाल्या, "ताई, हे होऊ शकत नाही. फरशी दोन दिसली तर फरशीवरचा माणूस दोनच दिसणार. नस माणसं निवडून काम करत नाही." मग हळू आवाजात, "घरात लग्नाचं टेन्शन आहे का?" म्हणजे त्यांनी माझ्यावर संशय घेतला. आपल्यावर कुणी संशय घेतला की कसं लागतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी स्वतःच तपास सुरू केला. आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं, मान ताठ ठेवायची आणि खालून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं बघायचं. शमीमभाभीची गिऱ्हाइकं, गॅसवाला, शाळेतून येणारी पोरं, गुरुद्वाऱ्याला आलेले पंजाबी पाहुणे रस्ता चुकून आमच्या गल्लीत शिरले ते, सगळे दोन. एकही माणूस एक नाही. शमीमभाभी खालून ओरडायची, "ओ सीआयडी, गिऱ्हाइकां डरके भागरे मेरे!"

साखरपुड्याची बोलणी करायला लातूरकर आमच्याकडं आले, तेव्हा मी ठरवून हुकांची डबी सांडली. जिन्याजवळच्या फरशीवर शेकडो हूक पसरले. मला ते दुप्पट दिसत होते, चांदीचा सडा पडल्यासारखे. विशाल लगेच गुडघ्यावर बसला. "राहू द्या मावशी, मी वेचतो." मी वर उभी राहून बघत होते. हूक सगळे दोन. तो एक. तो ज्या हुकाला चिमटीत धरायचा, तो हूक तेवढ्यापुरता एक व्हायचा. डबीत टाकला की पुन्हा दोन. प्रत्येक वेळी. एकाही हुकाला चुकलं नाही.

 आत स्नेहल चहा गाळत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. माझ्या डोक्यात एकच, ह्यानं माझ्या पोरीचा हात धरला तर काय होईल?

शमीमभाभीला सगळं सांगितलं. ती आधी हसली. "तेरेकू आँख का डॉक्टर नक्को, दिमाग का होना." मग माझं तोंड बघून गंभीर झाली. म्हणाली, "सुन मंगल. सबके दो-दो दिखते, इसका एकच दिखता, तो अच्छाच है ना? साफ दिल का होगा बच्चा."

"नाहीतर आत कुणी नसेल," मी म्हटलं.

"तौबा," ती म्हणाली, आणि तिनं लेसचा गठ्ठा उगाच उचलून दुसरीकडं ठेवला. एवढंच झालं. पण त्यानंतर विशाल नांदेडला आला, दुकानासमोरून गेला की तीही त्याच्याकडं जरा जास्तच बघायची.

स्नेहलशी मी बोलले. बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, अजून ठरत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मला आवडलेला एक माणूस तुला एकच दिसला, तर त्याच्यात पण तुला खोट दिसते? दोन दिसला असता तर म्हणाली असतीस, दुतोंडी आहे."

खरं होतं. म्हटलंच असतं.

"तुला काय करायचंय ते कर," ती म्हणाली. "मोडायचं असेल तर मोड. पण मी दुसऱ्या कुणाला बघणार न्हाई, हे सांगून ठेवते." डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र ताठ. माझीच पोरगी.  ह्यांच्यापुढं गेले आणि म्हटलं, तारीख काढा.

लग्न नांदेडलाच, दुपारच्या मुहूर्तावर. फोटोत बघाल तर मी सगळीकडं मान डाव्या खांद्यावर टाकून उभी आहे, लाजल्यासारखी. नस अजून बरी झाली नव्हती. कन्यादानाला मला पुढं बसवलं. आमच्यात बाप मुलीचा हात जावयाच्या हातात देतो आणि आई तांब्यातून पाण्याची धार धरते. खाली काशाचं ताट. सगळं काम खाली बघून करायचं. म्हणजे माझ्या दुखऱ्या नसेचंच काम.

मी तांब्या कलता केला. तांबे दोन. माझ्या हातांच्या बांगड्या दुप्पट. ह्यांची बोटं दुप्पट. स्नेहलचा मेंदी लावलेला हात ह्यांच्या हातात होता तोवर दोन. मग ह्यांनी तो विशालच्या ओंजळीत ठेवला.

एक झाला. माझ्या डोळ्यांदेखत. मेंदीची दोन्ही फुलं सरकत आली आणि एकमेकांवर बसली. आणि हात एकटाच नाही... मनगट, कोपर, खांदा, हिरवा शालू, मुंडावळ्या, सगळी स्नेहल एक झाली. हुकासारखी. माझ्या तांब्यातून दोन धारा पडत होत्या. एक त्यांच्या हातांवर पडत होती. दुसरी खाली जात होती, पण कशावर पडत होती ते दिसत नव्हतं.

मी तांब्या सरळ केला. धार थांबली.

"ताई, धार तुटू देऊ नका," भटजी म्हणाले. मागं बायकांची कुजबुज सुरू झाली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, ते बघणं मी आयुष्यभर विसरणार नाही. माझ्या मनात एवढंच होतं, आत्ता उठले तर मोडतं. आत्ता नाही उठले तर कधीच नाही. मी मान वर केली. स्नेहल माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. लहानपणी शाळेच्या फाटकातून आत जाताना बघायची तशी, आई जाऊ का, असं विचारल्यासारखी.

मी धार सोडली. शेवटपर्यंत सोडली.

त्यानंतर माझा डोळा भराभर बरा झाला. पायऱ्या जवळ जवळ आल्या आणि एक दिवस एक झाल्या. डॉक्टरबाईंनी तपासून पेढे मागितले. मी पुन्हा मशीनवर बसले. सुईत दोरा सरळ ओवला गेला तेव्हा मला रडू आलं. शमीमभाभीनं वरती येऊन विचारलं, "अब दामाद कैसा दिखता?" मी म्हटलं, आता सगळेच एक दिसतात, कुणावर नजर ठेवायची तेच कळत नाही. ती हसली, मला काही हसू आलं नाही.

पंचमीला स्नेहल माहेरी येणार होती. आली नाही. म्हणाली, विशालच्या क्लासला सुट्टी नाही. बरं, तू एकटी ये. तर म्हणे सासूबाईंचे गुडघे दुखतात. फोनवर आवाज हसरा, अगदी गोड. माझ्या डोक्यातला किडा पुन्हा जागा झाला. मी कुणाला न सांगता सकाळची एसटी धरली आणि लातूरला जाऊन थेट दार वाजवलं.

दार स्नेहलनंच उघडलं. "अगं आई! फोन न करता?" म्हणत ती तिथंच उंबऱ्यात वाकली पाया पडायला. मी खाली बघितलं.

पायपुसणं एक. फरशी एक. माझे पाय दोन, जेवढे असतात तेवढेच. आणि स्नेहल दोन.

एक जागेवर. एक थोडी खाली, तिरपी. मी भिंतीला धरलं. उजवा डोळा मिटला, दोघी तशाच. डावा मिटला, दोघी तशाच. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं तिथं संपलं. तेवढ्यात तिनं वाकल्या वाकल्या चेहरा वर केला. वरची हसत होती. खालची रडत होती... नुसतं डोळ्यांत पाणी असं नाही, तोंड वाकडं करून, लहान मूल रडतं तसं, आवाज न करता.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"कुठं काय? काहीच न्हाई," वरची म्हणाली.

मी तिथंच उंबऱ्यात खाली बसले. तिचा चेहरा धरायला दोन्ही हात पुढं केले. वरच्या चेहऱ्याकडं केले होते, शपथेवर सांगते. वरचा चेहरा कोरडा होता, पावडर लावलेला. पण माझे तळवे ओले झाले. गरम पाण्यानं, मनगटापर्यंत. मी हात समोर धरले तर ओघळ खाली येत होता. स्नेहलनं माझ्या हातांकडं बघितलं. तिचं हसू गेलं. आणि मग ती खरोखर रडायला लागली, आणि माझ्यासमोर एकच स्नेहल होती.

तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं होतं. पंचमीच्या आधीच. कुणाला कळू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "मला? मला पण न्हाई?"

"तुला सांगितलं असतं तर तू ह्यांच्यावर डाऊट घेतला असता," ती हुंदके देत म्हणाली. "सासूबाईंवर घेतला असता. काय खायला दिलं, काय उचलायला लावलं... ते लोक लई जपून राहिले गं मला. मीच म्हटलं आईला सांगू नका."

 पोरगी एवढं एकटीनं सोसत होती आणि मला फोनवर पंचमीच्या बांगड्या कोणत्या रंगाच्या घेतल्या ते विचारत होती. मी तिला कुशीत घेतलं. तिच्या सासूबाई आतून आल्या आणि आमच्या शेजारी उंबऱ्यात बसल्या. मग विशाल चहा घेऊन आला. त्याचे डोळे सुजलेले होते. तोही रडला असणार, माझ्यापासून लपवून. त्यानंही आठवडेच्या आठवडे फोनवर "सगळं मजेत" सांगितलं होतं मला. म्हणजे लपवायला त्यालाही येत होतं. शमीमभाभीचं साफ दिल वगैरे तिथंच निकालात निघालं, आणि माझं आत कुणी नाही तेही. कप खाली ठेवायला तो वाकला, तेव्हा मी नीट बघितलं. एक होता. पण त्या घडीला सगळंच एक होतं, मग त्यात काय बघायचं.

डॉक्टरबाईंकडं गेले. सगळी तपासणी झाली. चौथी नस दोन्ही बाजूंची ठणठणीत. त्यांना मी उंबऱ्यातलं सांगितलं, हातांचं सुद्धा. त्यांनी ह्या वेळी टेन्शनचं नाव काढलं नाही. बराच वेळ माझी फाईल चाळली, मिटली आणि म्हणाल्या, "माझ्याकडं याला उत्तर नाही." मला तेच आवडलं. थापा तरी मारल्या नाहीत.

उत्तर माझ्याकडंही नाही. जावई एकच का दिसत होता, त्याचा हात लागला की वस्तू एक का व्हायच्या, दुसरी धार कुठं जात होती, कशाचाच पत्ता लागत नाही. तुमच्यापैकी कुणी म्हणेल मेंदूला मार बसला होता. असेल. पण त्या दिवशी उंबऱ्यात ओले हात मी एकटीनं बघितले नाहीत, स्नेहलनं पण बघितले. ती यावर बोलत नाही.

सध्या ती माहेरी आहे, आरामाला. सकाळी उठली की मी विचारते, "बरंय का गं?" ती म्हणते, "बरंय." आधी मी असं ऐकलं की दहा प्रश्न विचारायची. आता एकही विचारत नाही. उठते, जवळ जाते, आणि तिच्या गालाला हात लावून बघते. कोरडा असला तर चहा टाकते. ओला असला तर मशीन बंद करते आणि तिच्याजवळ जाऊन बसते.